चहात न टाकायची साखर

प्रज्ञा,

तू गेल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस एकच गोष्ट विचारतं. कुणी सरळ विचारतं, कुणी चहाचा कप खाली ठेवता ठेवता. अशा मुलीला एकटीला इंदूरला कशाला पाठवलंत? शेजारच्या वैद्यकाकू तर माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही तर नाहीच म्हणत होता ना भाभी?" हो, नाहीच म्हणत होते. आपलं भांडण साऱ्या गल्लीने ऐकलं आहे. मी जे होईल म्हणत होते तेच झालं. माझंच खरं ठरलं. आयुष्यात एका गोष्टीत आपण चुकीचं ठरावं अशी माझी इच्छा होती ती हीच, आणि आता हे खरं ठरणं घेऊन मी कुठे जाऊ ते मला कळत नाही.

तुझ्याशी अजून बोलायचं आहे. रागवायचंही आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. त्यांची मुलगी गेलेली नाही.

तू चौथीत होतीस तेव्हापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. उन्हाळा होता. तू सारखी पाणी प्यायचीस, आणि आपल्या बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात सगळेच पितात म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग तू गादी ओली करायला लागलीस. एवढी मोठी मुलगी, लाज वाटून चादर गुपचूप गच्चीवर नेऊन वाळत घालायचीस. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले. एका सकाळी तुला उठवायला वाकले तर तुझ्या श्वासाला वास येत होता. केळी पिकवायच्या वखारीच्या दारावरून जाताना येतो तसा, गोड आणि उतरलेला. मी विचारलं, केळं खाल्लंस का गं? तू डोळे उघडले नाहीस.

बाबांनी तुला तशीच उचलून रिक्षात घातली. त्या दिवशी ते मिलमध्ये गेले नाहीत, मी शाळेत शिकवायला गेले नाही. डॉक्टर म्हणाले, मुलीला शुगर आहे, आता आयुष्यभर इन्सुलिन. माझ्या माहेरच्यांना ते खरंच वाटेना. शुगर तर म्हाताऱ्यांना होते, तुम्ही मावा जिलेबी जास्त खाऊ घातली असेल, असं रावेरची मावशी फोनवर म्हणाली. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं की याचा गोड खाण्याशी संबंध नाही, हिच्या शरीराने इन्सुलिन बनवणंच बंद केलं आहे, त्यात कुणाचा दोष नाही. डोक्याला ते पटलं. हातांना पटलं नाही. दवाखान्यातून घरी आले आणि साखरेचा डबा, गुळाची ढेप, सरबताच्या बाटल्या, सगळं उचलून वैद्यकाकूंच्या ओट्यावर ठेवून आले.

त्या दिवसापासून आपल्या घरात साखर नव्हती. पाहुणे आले तर त्यांनाही बिनसाखरेचा चहा. बाबा मिलच्या कँटीनमध्ये गोड चहा पितात हे मला माहीत होतं, मी कधी बोलले नाही. फक्त एक डबा राहिला, फ्रिजवरचा ग्लुकोजचा. तुझी शुगर पडली की तू पांढरी व्हायचीस, कपाळावर घाम यायचा, बोलता बोलता शब्द अडकायचे. मग मी धावत जाऊन चमचाभर ग्लुकोज पाण्यात ढवळायचे आणि तुझ्या ओठाला ग्लास लावायचे. हळूहळू तुझे डोळे माझ्यावर स्थिर व्हायचे. त्या डब्याला दुसऱ्या कशासाठी कुणी हात लावायचा नाही हा आपल्या घरातला कायदा होता.

तो कायदा तूच मोडलास.

तू एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत फारसं काही मिळायचं नाही, अर्धी रसायनं संपलेली, अर्ध्या उपकरणांना प्लग नाही. तुमच्या सरांनी सांगितलं होतं की इथे होईल असं काहीतरी शोधा. तू मोबाइलवर वाचत बसायचीस, मला वाटायचं पिक्चर बघतेस. एका दुपारी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात जळका वास, मोरीत माझी दुधाची कढई काळीठिक्कर पडलेली. सवयीने मी फ्रिजवरचा डबा उचलून पाहिला. हलका लागला. झाकण उघडलं तर तळाला बोटाने पुसल्यासारखी थोडी पांढरी पूड.

"ग्लुकोज कुठे गेलं?" मी विचारलं.

"जाळलं," तू म्हणालीस. मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणालीस, "आई, घरात दुसरी साखर आहे कुठे?"

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. हा तुझ्या जिवाचा डबा आहे, मघाशी शुगर पडली असती तर काय खाल्लं असतंस, असं बरंच. तू म्हणत राहिलीस की समोर दुकान आहे, मी आणणारच होते. शेवटी तूही आवाज चढवलास. तू म्हणालीस, मी प्रत्येक मिनिटाला मरत नसते आई, तूच मला मरताना बघत असतेस. त्यानंतर आपण बोललो नाही. जेवण वाढलं, इन्सुलिनची आठवण केली, बाकी एक शब्द नाही.

अबोला बाबांनी मोडला. एका संध्याकाळी मिलमधून येताना ते कागदात बांधलेली किलोभर साखर घेऊन आले आणि ओट्यावर ठेवली. इतक्या वर्षांनी त्या ओट्यावर साखर पाहून मला धस्स झालं. बाबा मला म्हणाले नाहीत, तुलाही म्हणाले नाहीत, भिंतीकडे बघून म्हणाले, "ही तिच्या कामाची. चहात कुणी टाकायची नाही." आणि हातपाय धुवायला गेले. तू हसलीस. मला हसू आलं ते मी पदराआड दाबलं, कारण माझा राग अजून संपायचा होता.

मग आपलं स्वयंपाकघर तुझं झालं. साखरेचा पाक, त्यात लिंबाचा रस, मंद आच. तू गॅसजवळ उभी राहून रंग बघायचीस. पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस. मला म्हणायचीस, आई, साखर पूर्ण जळली तर नुसता कोळसा, आणि कमी जळली तर नुसता पाक. मधे कुठेतरी थांबवायची असते. ते थांबवणं तुला सुरुवातीला जमत नव्हतं. पाक करपायचा, भांडं फेकायची वेळ यायची. मी नको नको म्हणत असतानाच एकदा पुढे झाले आणि म्हटलं, आच कमी कर, बुडबुडे मोठे असतात तोवर पाणी आहे, बारीक झाले की लक्ष दे. लग्नाआधी मी दिवाळीत पाकाच्या वड्या करायचे. किती वर्षांनी माझे हात पाकाला लागले होते. तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की जणू मला पहिल्यांदा भेटलीस.

थंड झालेला तो तांबूस गोळा तू पाण्यात विरघळवायचीस, कागदातून गाळायचीस आणि इन्सुलिनच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचीस. त्या बाटल्या मी टाकून द्यायचे, तू कचऱ्यातून काढून, उकळून, रबरी बूच उपटून त्यांची रांग लावलीस. साखरेची वेगळी, गुळाची वेगळी, मधाची, ग्लुकोजची. बहादरपूरच्या तुझ्या मैत्रिणीने आणून दिलेल्या केळ्यांच्या रसाचीही एक. मला ते सगळं फिक्कट चहासारखं दिसायचं.

मग तो रविवार. भर दुपारी तू मला अडगळीच्या खोलीत ओढत नेलंस, दार लावलंस, खालच्या फटीत ओढणी कोंबलीस. बाहेर मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा खडखडाट चालू होता. तुझ्याकडे ती नोटा तपासायची जांभळी टॉर्च होती. मला म्हणालीस, बाटलीकडे बघ, टॉर्चकडे बघू नको. आणि तो चहाच्या रंगाचा थेंबभर द्रव निळा झाला. निळा असा नाही, बाटली आतून जागी झाल्यासारखी. शेजारची हिरवट. त्याच्या शेजारची पुन्हा निळी. इन्सुलिनच्या त्या बाटल्या मी इतक्या वर्षांत हातात धरल्या होत्या, त्यांच्याकडे बघून कधी बरं वाटलं नव्हतं.

तू समजावत होतीस. साखरेतल्या कार्बनचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी मावतील, आणि इतके बारीक झाल्यामुळेच ते उजेड गिळून दुसऱ्या रंगात परत देतात. मी शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते, मला किती कळणार. पण तू एक गंजलेला खिळा लिंबाच्या रसात भिजवून ठेवला होतास. त्या रसाचा एक थेंब तू निळ्या बाटलीत टाकलास आणि उजेड मंद होत होत गेला. लोखंड चिकटलं की तो जातो, तू म्हणालीस, म्हणून पाण्यात लोखंड आहे का हे यावरून कळू शकतं.

मी म्हटलं, "आता परत पेटव."

"याच्यातून नाही होणार आई. नवीन करावं लागेल."

मला ते आवडलं नाही. त्या बाटलीसाठी मला एवढं वाईट का वाटावं ते कळलं नाही, म्हणून मी म्हटलं की आता ही सगळी भांडी कोण घासणार. तू म्हणालीस, "मीच." आणि खरंच घासलीस.

तेवढ्यावर थांबली असतीस तर आज तू घरात असतीस, असं मला कधी कधी वाटतं. सगळे खूश होते. तुमच्या कॉलेजात मुलं टॉर्च घेऊन फोटो काढत होती. पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तुला विचारलं की हे कण आहेत हे तू कशावरून म्हणतेस. साखर जळताना साधे चमकणारे रेणूही तयार होतात, ते पाण्यात विरघळलेले असतात, त्यांना कण म्हणत नाहीत. मग हा उजेड कणांचा की नुसत्या रंगाचा? तू घरी आलीस तेव्हा मला वाटलं नापास झालीस. चपला न काढता आत आलीस आणि पाणी प्यायलीस. नंतर म्हणालीस, सर बरोबर बोलले. मला माहीत नाही. कुणालाच बघितल्याशिवाय माहीत होणार नाही.

बघायचं ते यंत्र इंदूरला होतं. एका संस्थेत मदतनिसाची जागा निघाली, तू अर्ज केलास, तुझी निवड झाली, आणि मला सगळं ठरल्यावर सांगितलंस.

त्या उन्हाळ्यात आपण रोज भांडलो. मी म्हणायचे, शुगर पडली आणि खोलीला आतून कडी असली तर? ताप आला तर? तू म्हणायचीस, मी सहावीपासून स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते. मी म्हणायचे, घेतेस, पण पलीकडच्या खोलीत मी असते. तू एकदा विचारलंस, तू काय आयुष्यभर माझ्यासोबत राहणार आहेस? मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, आणि नंतर? आपण दोघी धरून चाललो होतो की आधी मी जाणार.

बाबा पेपरमागून म्हणाले, जाऊ दे तिला. मला तुम्हा दोघांचाही राग आला. पण मी तो उजेड पाहिला होता, आणि तुला झोप लागत नव्हती हेही पाहत होते. शेवटी हो म्हटलं. अट घातली. रोज सकाळ-संध्याकाळ फोन, आणि आजारी पडलीस तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन, मग पुन्हा पाठवणार नाही. तू लगेच हो म्हणालीस. बस निघताना खिडकीतून म्हणालीस, टेन्शन नको घेऊ ना आई.

तुला तिथे बरं वाटत होतं, हे मी मान्य करते. फोनवर तुझा आवाज वेगळा यायचा, भरलेला. खरगोनची निकिता तुझ्या खोलीत होती. तू तिला सुई कशी टोचायची, बेशुद्ध झालीस तर काय करायचं, सगळं शिकवलं होतंस. तिथल्या मॅडम कडक आहेत, तुझी प्रत्येक गोष्ट पुन्हा करायला लावतात, हे तू तक्रार करत सांगायचीस आणि मला त्यात कौतुकच ऐकू यायचं. यंत्रासाठी नंबर लागायला किती महिने गेले. मग एका दुपारी मी वर्गावर असताना फोन आला. मी वर्गात फोन उचलत नाही हे तुला माहीत होतं, म्हणून मी घाबरून उचलला.

"आई, दिसले," तू म्हणालीस. मागे कुणीतरी बोलत होतं, तू त्यांना थांबवलंस. "अगं सच में दिसले. ग्लुकोजचे दिसले. कण आहेत."

गुळाच्या बाटलीत मात्र तसं काही नव्हतं, तो उजेड बहुतेक नुसत्या रंगाचाच होता, हेही तू त्याच दमात सांगितलंस, आणि त्याचाही तुला तितकाच आनंद झालेला. मला ते विचित्र वाटलं. तू म्हणालीस, खोटं निघालं हेही कळलंच ना. संध्याकाळी तू बाबांच्या मोबाइलवर फोटो पाठवलास. राखाडी पडद्यावर काळे ठिपके. बाबांनी चष्मा वर करून कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाले, कुणी राखेत खसखस सांडल्यासारखं दिसतंय. तो फोटो ते मिलमध्ये सगळ्यांना दाखवून आले. तिथे कुणाला काय कळलं असेल देव जाणे. माझी मुलगी, एवढंच ते सांगत होते.

आता त्या दिवसांचं. हे मला लिहायचं नाही, पण हे सोडलं तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही.

तुझं पोट बिघडलं होतं. बाहेरचं काही खाल्लं असेल. फोनवर म्हणालीस, थोडी ॲसिडिटी आहे. दुसऱ्या सकाळी तुझा श्वास मला लागल्यासारखा वाटला. तू म्हणालीस जिना चढून आले.

"शुगर किती आली?"

"ठीक आहे."

"आकडा सांग."

तू आकडा सांगितलास. चांगला आकडा होता. मी विचारलं, येऊ का? तू म्हणालीस, अगं कशाला. फोनवर वास येत नाही, प्रज्ञा. मी जवळ असते तर वाकून बघितलं असतं आणि मला कळलं असतं. फोन ठेवला आणि शाळेत गेले. परिपाठ झाला, पाढे झाले, पण माझं लक्ष नव्हतं. दुपारी सुट्टी न मागताच मी शाळेतून निघाले, बाबांना स्टँडवरून फोन केला आणि बसमध्ये बसले. घाट चढत असताना निकिताचा फोन आला. ती क्लासवरून परत आली तेव्हा तू गुंगीत होतीस. तिने घरमालकांना हाक मारून तुला रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. बस थांबत थांबत चालली होती. माझ्या शेजारी एक बाई शेंगा सोलून खात होती आणि मला देत होती. मी घेत होते आणि मुठीत धरून ठेवत होते.

मी पोहोचले तेव्हा तुला आत नेलेलं होतं. काचेतून तुझे केस दिसत होते. डॉक्टर तरुण होता, तुझ्याच वयाचा वाटला. त्याने सांगितलं की आम्ल फार वाढलं आहे, संसर्ग रक्तात गेला आहे, आम्ही सगळं करतो आहोत. त्यांनी केलं. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. बाबा पहाटेच्या गाडीने आले. तुझा हात हातात धरायला मला आत सोडलं, तो गरम होता. मी तुला हाका मारल्या. तू पापण्या हलवल्यास असं मला वाटलं, नर्स म्हणाली नाही. दुपार व्हायच्या आत तू गेलीस.

निकिता बाहेर बाकावर बसून होती. रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने मला सांगायला नको होतं, पण तीही पोरच, तिला ते एकटीला पेलवेना. ती म्हणाली, तुला उलट्या होत होत्या, काही पोटात ठरत नव्हतं, आणि एकटी असताना शुगर पडेल या भीतीने तू इन्सुलिन अर्ध्यावर आणलं, मग घेतलंच नाहीस. तिने तुला दोनदा म्हटलं की घरी कळवू. "ती म्हणाली, मम्मीको मत बोल," निकिता म्हणाली. "मम्मी आ जाएगी और मुझे ले जाएगी. फिर कभी नहीं भेजेगी."

तर हे असं आहे, बेटा. तू मरणाला घाबरली नव्हतीस. मी येऊन घेऊन जाईन याला घाबरली होतीस.

मी यावर खूप विचार केला आहे. तुला अग्नी दिला, तापीत अस्थी सोडल्या, तेराव्याला लोक जेवून गेले, आणि मी हाच विचार करत होते. वैद्यकाकू म्हणतात तसं, पाठवलं म्हणून झालं असं मला वाटत नाही. घरातही पोट बिघडतं. मी अट घातली म्हणून झालं, असंही मी स्वतःला म्हणून बघितलं. पण तशी अट कुठल्या आईने घातली नसती? तू खोटं बोललीस याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. तुला सगळं माहीत होतं. आजारात इन्सुलिन थांबवायचं नसतं हे तूच निकिताला शिकवलं होतंस. ज्या मुलीला गुळाचा उजेड खोटा निघाला तरी चालायचं, तिने मला खोटा आकडा सांगावा? हे मी तुला समोर बसवून विचारलं असतं. तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, आवाज चढवून. ते ऐकण्यासाठी मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

तुझ्या मॅडम परवा येऊन गेल्या. कडक वाटल्या नाहीत. त्या जे लिहून छापायला पाठवणार आहेत त्यावर तुझं नाव पहिलं असेल असं म्हणाल्या. बाबांनी दोनदा विचारून खात्री केली की पहिलं म्हणजे पहिलंच ना. मॅडम म्हणाल्या, तुमच्या मुलीला शंका घेता यायची, ते शिकवता येत नाही. मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. मी मनातल्या मनात तुझ्या वतीने त्यांचे आभार मानले, आणि तुझेही, की माझ्यासारख्या पहिलीच्या बाईच्या घरात एवढं काहीतरी घडवून गेलीस.

आणि काल एक बाई आली. तुझ्या त्या मैत्रिणीच्या गावाची, बहादरपूरची. तिची मुलगी दवाखान्यातून नुकतीच सुटलेली, चौथी-पाचवीतली असेल, गळ्याची हाडं दिसत होती. आपल्या डॉक्टरांनीच तिला पत्ता दिला होता, म्हणाले होते, त्या बाईंना विचारा, त्यांनी इतकी वर्षं केलं आहे. पुढे काय झालं ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, की तिने ऐकून घेतलं नव्हतं, कोण जाणे. भिंतीवर हार घातलेला तुझा फोटो होता. तिची नजर तिकडे गेली आणि ती दारातच थांबली. तिला परत जायचं होतं. मलाही ती परत जावी असंच वाटत होतं.

मग ती मुलगी म्हणाली की तिला तहान लागली आहे.

मी त्यांना आत घेतलं. सुई कशी धरायची ते दाखवलं, पोटाची कातडी चिमटीत कशी घ्यायची, रोज जागा का बदलायची. बाईने सुई स्वतः हातात धरून बघितली. ती सारखं विचारत होती, आणि मी सांगत होते. शेवटी उठताना तिने विचारलं, "ताई, पोरीले शाळेत पाठवू ना मी? मोठी झाली, शिकाले बाहेर जातो म्हने, तर जाऊ देऊ का?" विचारताना ती तुझ्या फोटोकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांच्या खुर्चीचा आवाज थांबला.

नाही म्हणावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, प्रज्ञा. मी त्या मुलीकडे बघितलं. ती ग्लास दोन्ही हातांनी धरून आमचं बोलणं ऐकत होती. अशी ऐकत होती की तिच्याबद्दल काय ठरतं आहे ते तिला पूर्ण कळत होतं.

मी म्हटलं, "जाऊ द्या. पण तिला आतापासून सांगून ठेवा. बिमार पडलीस तर मला सांग, मी येईन, तुझ्याजवळ राहीन, आणि तू बरी झालीस की मी एकटी परत जाईन."

बाईला ते नीट कळलं नाही. तिने मान हलवली. मुलीने मात्र आईकडे बघितलं, ती हे म्हणते का ते बघायला.